जिलबीची कढई

१

भीमाचार्य घर सोडून निघून गेले होते, आणि त्यांना कोणता रोग झालाय हे चिकपेटेतल्या त्यांच्या गल्लीला कळलं होतं. यातली दुसरी गोष्ट आधी घडली होती.

शहाण्णव सालचा वैशाख. चामराजपेटेतल्या डॉक्टर वीणा कारखानीसच्या दवाखान्यात सकाळची गर्दी होती. चंद्राबाई नंबर न लावता सरळ आत आल्या. खुर्ची पुढे केली तरी बसल्या नाहीत. हातातली कापडी पिशवी त्यांनी टेबलावर उलटी केली. आतून गोळ्यांच्या पट्ट्या पडल्या, बहुतेक न उघडलेल्या.

"आमचे हे गेले," त्या म्हणाल्या. "कुठं ते सांगितलं नाही. गोळ्या ठेवून गेले."

भीमाचार्य लग्नाचे आचारी. घराणं मराठी, पण कैक पिढ्या बेंगळूरमध्ये गेलेल्या. त्यांच्या हातच्या सारासाठी लोक मुहूर्त पुढेमागे करत. दोन महिन्यांपूर्वी ते वीणाकडे आले होते, डाव्या हातावरचा फिकट चट्टा दाखवायला. चट्ट्यावर टाचणी टोचली तरी त्यांना कळत नव्हती. तपासणीत कुष्ठरोग निघाला, अगदी सुरुवातीचा. वीणाने त्यांना समजावून सांगितलं होतं की सहा महिने गोळ्या घेतल्या की हा पूर्ण बरा होतो, तुमच्यापासून कुणाला लागायची भीती नाही, स्वयंपाक सोडायचं काही कारण नाही, फक्त हाताला चटका बसू देऊ नका. आणि शेवटी म्हणाली होती, "हे या चार भिंतींच्या बाहेर जाणार नाही."

"मग गेलं कसं, डॉक्टर अक्का?" चंद्राबाईंनी विचारलं. "ज्या मुलीच्या लग्नाचा स्वयंपाक यांनी धरला होता, तिचा बाप दारात उभा राहून सगळ्या गल्लीसमोर बोलला. म्हणाला, जिलबीची तापलेली कढई हातानं उचलली तरी ज्याला कळत नाही, त्याच्या हातचं माझ्या पाहुण्यांनी खायचं? बोटं गळून पडतील उद्या पंगतीत! त्या आठवड्यात सगळी लग्नं गेली, अक्का. एकजण तर आमच्या उंबऱ्यावर फिनेल टाकून गेला."

"आमच्याकडून नाही गेलं," वीणा म्हणाली. फार पटकन म्हणाली, हे तिचं तिलाच जाणवलं.

चंद्राबाईंनी तिच्याकडे रोखून पाहिलं.

"नाही? मग माझ्या नवऱ्याच्या हाताची गोष्ट त्या माणसाला कुणी सांगितली? देवानं?"

२

जयसिंगराव सुर्वे पोलीस खात्यातून इन्स्पेक्टर म्हणून निवृत्त झाले होते. मराठा घराणं, जन्म बेंगळूरचाच. घरात मराठी बोलत, पण विचार करताना तोंडातून कन्नडच निघे. पायावरच्या इसबासाठी ते वीणाकडे येत. त्या दुपारी तिने त्यांना बोलावून घेतलं.

"दोन कामं आहेत," ती म्हणाली. "भीमाचार्यांना शोधायचं. आणि ही बातमी कुणी फोडली ते सिद्ध करायचं. कुणी ते मला माहीतच आहे."

"सरी, ठीक. मग सिद्ध कशाला करायचं?"

"कारण तो कबूल करत नाही."

'तो' म्हणजे शंतनु दाभाडे, लॅब टेक्निशियन. नागपूरहून आलेला, राहायला चिकपेटेत, भीमाचार्यांच्याच गल्लीत. चट्ट्याचा तुकडा त्यानेच तपासला होता. चंद्राबाई गेल्यावर वीणाने त्याला बोलावून सर्वांसमोर विचारलं होतं, आणि तो गप्प उभा राहिल्यावर त्याला घरी जायला सांगितलं होतं.

"अजून कुणाकुणाला माहीत होतं?"

"औषधं देणाऱ्या शेषगिरीला. गोळ्या पाहिल्यावर त्याला कळणारच. रिसेप्शनवरच्या कावेरीला नाही. ती फक्त नंबर लावते."

"आणि तुम्हाला."

"मला अर्थातच."

जयसिंगरावांनी मान हलवली. "मला स्वल्प सांगा, हात बधिर झालाय हे आचार्यांना कळलं कसं? ते तुमच्याकडे आले कशावरून?"

"भाताच्या हंड्याचं झाकण तापलेलं होतं, ते त्यांनी उघड्या हाताने बाजूला सरकवलं. फोड आला, पण दुखलं नाही. त्यावरून शंका आली म्हणाले."

"हे त्यांनी कुणासमोर सांगितलं?"

"फक्त माझ्यासमोर. दार बंद होतं."

जयसिंगरावांनी ते वहीत टिपून घेतलं. मग उठले. "डॉक्टरबाई, मी सगळ्यांना हाच प्रश्न विचारणार आहे," ते म्हणाले. "हात बधिर झालाय हे कळलं कसं? बाकी काही नाही."

वीणाला तो प्रश्न अगदीच बिनकामाचा वाटला.

३

मुलीचा बाप दारात काय बोलला ते गल्लीत शब्दन् शब्द ऐकून जयसिंगराव जिना चढले. शंतनु खोलीचं दार अर्धवट उघडून उभा राहिला.

"मला माहीत नाही," तो म्हणाला. "माझ्याकडे तुकडा आला, मी तपासला, रिपोर्ट दिला. हात कसा बधिर झाला, कधी झाला, मला कुणी सांगितलं नाही. मीही विचारलं नाही."

"मग डॉक्टरांनी विचारलं तेव्हा गप्प का राहिलास?"

"सगळ्यांसमोर विचारलं त्यांनी. रिसेप्शनपाशी. बाहेर पेशंट बसले होते. मी 'भीमाचार्यांबद्दल मी बोललो नाही' एवढं म्हटलं असतं तरी ते तिथे बोलल्यासारखंच झालं असतं ना?"

जयसिंगरावांनी त्याच्याकडे नीट पाहिलं. पंचविशीचा मुलगा, डोळ्याखाली काळं आलेलं.

"गल्लीतले लोक म्हणतात, बातमी पसरायच्या आधीपासून तू आचार्यांना टाळत होतास. ते दिसले की रस्ता ओलांडायचास."

शंतनुने मान खाली घातली.

"ते रोज मला हाक मारायचे. कॉफी प्यायला ये म्हणायचे. तुकडा पाहिल्यावर मला भीती वाटायला लागली. त्यांची नाही हो, माझीच. शेजारच्या कुणी विचारलं, आचार्य तुमच्या दवाखान्यात कशाला येतात, तर मला खोटं बोलता येत नाही. चेहऱ्यावर दिसतं. म्हणून मी समोरच जायचो नाही." तो थांबला. "त्यांना काय वाटलं असेल, ते मला नंतर सुचलं."

जयसिंगराव जिना उतरून खाली आले. कोपऱ्यावरच्या एसटीडी बूथमधून त्यांनी वीणाला फोन लावला.

"मुलाला कामावर परत बोलवा."

"का? कबूल झाला?"

"नाही. त्याला कढई माहीत नाही."

"कढईचा इथे काय संबंध?" वीणाने विचारलं. पण त्यांनी फोन ठेवून दिला होता.

४

शेषगिरी पन्नाशीचा, कपाळाला गंध लावणारा, शब्द मोजून बोलणारा माणूस. औषधांच्या काउंटरमागे तो जयसिंगरावांना बसायला स्टूल देऊन स्वतः उभाच राहिला.

"मी रोगाचं नाव कुणापुढे काढलेलं नाही," तो म्हणाला. "देवाशपथ."

"ते नाही विचारत. हात बधिर झालाय हे त्यांना कळलं कसं?"

"जिलबीची कढई उचलली त्यांनी उघड्या हातानं. आणि कळलंच नाही."

"तुला कुणी सांगितलं?"

शेषगिरी गोंधळला. "असं... दवाखान्यात बोलणं झालं होतं. कुणाचं नाव नव्हतं त्यात. कुणीतरी आचारी, एवढंच."

"पण तू गोळ्या देत होतास. आचारी कोण ते तुला समजलं."

"मला समजलं. मी बोललो नाही."

"कुणालाच काहीच बोलला नाहीस?"

शेषगिरीने काउंटरवरची धूळ हाताने पुसली. तिथे धूळ नव्हती.

"कावेरी एकदा म्हणत होती, तिच्या शेजारच्या मुलीचं लग्न आहे, स्वयंपाकाला भीमाचार्य ठरलेत, मी पण जाणार जेवायला. मी म्हटलं, त्यांना कशाला, दुसरं कुणी बघा म्हणावं. एवढंच, सर. का म्हणून विचारलं तिनं, मी काही सांगितलं नाही."

"सांगायची गरज राहिली नव्हती," जयसिंगराव म्हणाले.

कावेरीला त्यांनी दवाखान्याच्या मागच्या व्हरांड्यात बोलावलं. ती बावीस वर्षांची, आणि येतानाच रडत होती. जयसिंगराव तिच्याशी कन्नडमध्येच बोलले.

"जिलबीची कढई," ती म्हणाली. "ती गोष्ट सगळ्यांनीच ऐकली होती, अण्णा. एका आचाऱ्याची. मग शेषगिरी सर म्हणाले, भीमाचार्य नको, दुसरं कुणी बघा. माझ्या डोक्यात एकदम दोन्ही जुळलं. मी कुणाला सांगितलं नाही."

"कुणालाच नाही?"

"फक्त आईला. शेजारी लहान मुलं आहेत, म्हातारी माणसं आहेत, मला भीती वाटली. आईला म्हटलं, तू कुणाला सांगू नकोस. आईनं मुलीच्या आईला सांगितलं. तिलाही सांगितलं, कुणाला सांगू नका."

"त्या हातचं खाऊन हा रोग होत नाही, हे तुला ठाऊक नव्हतं? त्वचेच्या दवाखान्यात काम करतेस."

"गोष्ट ऐकताना ते कुणी सांगितलंच नाही, अण्णा," कावेरी म्हणाली. "सगळे 'अय्यो' म्हणाले आणि चहा आला."

"गोष्ट सांगितली कुणी?"

कावेरीने पदर तोंडाला लावला आणि मान हलवत राहिली. कितीही विचारलं तरी तिने ते नाव घेतलं नाही.

५

जयसिंगराव दुसऱ्या दिवशी चंद्राबाईंकडे जाऊन आले आणि तिथून थेट वीणाच्या खोलीत. पेशंट संपले होते. त्यांनी दार लावून घेतलं.

"बातमी फोडणारा सापडला का?" वीणाने विचारलं.

"सापडले. तिघं आहेत. तिघंही म्हणतात आम्ही काही सांगितलं नाही, आणि एका अर्थी तिघंही खरंच बोलतात. शेषगिरीनं नाव सांगितलं, रोग सांगितला नाही. कावेरीनं दोन तुकडे जोडले आणि आईला सांगितलं."

"शेषगिरी आणि कावेरी! मी दोघांनाही उद्याच्या उद्या..."

"थांबा. तिसरा राहिला." ते शांतपणे म्हणाले. "आचार्यांचा हात कसा भाजला, हे मी पाच जणांना विचारलं. शंतनुला माहीतच नाही. चंद्राबाई म्हणाल्या, भाताच्या हंड्याचं झाकण. तुम्ही म्हणालात, झाकण. शेषगिरी आणि कावेरी म्हणाले, जिलबीची कढई. मुलीचा बापही दारात उभा राहून कढईच म्हणाला. म्हणजे बातमी घरातून गेलेली नाही. घरातली गोष्ट झाकणाची आहे. लॅबमधून गेलेली नाही. तिथं गोष्टच नाही. ती कढईबरोबर गेली. आता झाकणाची कढई कुणी केली, एवढंच उरतं. ज्याला झाकण माहीत होतं त्यालाच ते बदलता येईल. आणि दार बंद होतं, असं तुम्हीच म्हणालात."

वीणाने काहीतरी बोलायला तोंड उघडलं. आणि तिला आठवलं.

दुपारची वेळ होती. डोळ्यांचे एक डॉक्टर सहज भेटायला आले होते, सोबत बोंड्यांचा पुडा घेऊन. सगळेच चहाला जमले होते. शंतनु तेवढा लॅबमध्ये होता. त्या डॉक्टरांनी त्यांच्या एका पेशंटचा किस्सा सांगितला, लोक हसले. मग ती म्हणाली, माझ्याकडे पण एक इंटरेस्टिंग केस आहे हं, नाव नाही सांगत. लग्नातला आचारी, कुष्ठरोगाने हात बधिर. झाकण म्हणायला तिने तोंड उघडलं आणि तिला वाटलं, झाकणात काय मजा. म्हणून ती म्हणाली, जिलबीची कढई, उकळत्या तुपाची, दोन्ही कान धरून उचलली! सगळे 'अय्यो' म्हणून ओरडले. शेषगिरीच्या हातातला बोंडा तसाच राहिला. तिला तेव्हा फार बरं वाटलं होतं.

"मी नाव घेतलं नव्हतं," ती म्हणाली.

"नाही. नाव शेषगिरीनं घेतलं. त्यानं रोग सांगितला नव्हता. असंच असतं, डॉक्टरबाई. मी खात्यात तीस वर्षं पाहिलं, पूर्ण गुन्हा कुणीच करत नाही. प्रत्येकजण आपल्या वाटणीचा करतो आणि झोपतो."

वीणाने दोन्ही हात टेबलावर ठेवले होते. ते तिला मागे घेता येईनात. काल याच टेबलाशी उभं राहून ती म्हणाली होती, आमच्याकडून नाही. आणि बाहेर, सगळ्यांसमोर, शंतनुला. तिथे कावेरी उभी होती, शेषगिरी उभा होता. दोघांनाही माहीत होतं की गोष्ट कुणाची. दोघांनीही तिच्याकडे पाहिलं नव्हतं. त्यांनी नजर खाली का घातली हे तिला आता कळलं. ते स्वतःसाठी लाजले नव्हते. तिच्यासाठी लाजले होते.

"कावेरीने माझं नाव घेतलं?"

"नाही घेतलं. ती मुलगी तेवढी एक गोष्ट पोटात ठेवू शकली."

वीणा रडली नाही. रडण्याचा आपल्याला हक्क आहे असं तिला वाटलं नाही.

"आचार्य?" तिने विचारलं.

"त्यांचं मला कळलंय असं वाटतं," जयसिंगराव म्हणाले. "तुम्ही यायला पाहिजे. गोळ्या घ्या बरोबर."

६

ऑटोतून यशवंतपूरला जाताना जयसिंगरावांनी सांगितलं. "माणूस पळाला की ओळखीच्या जागीच जातो. हे आयुष्यभर लग्नाचं सामान घेत आले. तांदूळ, गूळ, तूप, पत्रावळी, लाकूड, सगळ्या व्यापाऱ्यांशी घरोबा. पण चंद्राबाई म्हणाल्या, शेवटच्या दिवसांत ते घरातल्या पाण्याच्या घागरीलाही हात लावत नव्हते. म्हणजे गल्लीनं जे म्हटलं ते यांनी खरं धरलं. असा माणूस तांदळाच्या, गुळाच्या दुकानात हात घालणार नाही. उरलं काय? लाकूड. लाकूड कुणी खात नाही. आणि लाकूड ते इथल्या वखारीतून घेतात."

वखारीत भीमाचार्य ओंडके रचत होते. उघडे, पंचा नेसलेले. वीणाला पाहून त्यांनी हातातला ओंडका हळूच खाली ठेवला आणि सवयीने नमस्कार केला. डाव्या तळव्यात बोटभर लांबीची ढलपी घुसली होती, भोवती सुजून पिवळं झालेलं. त्यांना त्याचा पत्ताच नव्हता.

वीणाने तिथेच ओंडक्यावर बसून त्यांचा हात हातात घेतला, ढलपी काढली, जखम धुतली. ते तिच्या हाताकडे पाहत राहिले. कुणीतरी आपल्याला शिवतंय याचंच त्यांना नवल वाटत असावं.

"आचार्य," ती म्हणाली, "ते मी सांगितलं. दुसऱ्या कुणी नाही. सुरुवात माझ्यापासून झाली." तिने सगळं सांगितलं, चहा, बोंडे, हसणं, कढई. एकही गोष्ट बदलली नाही.

भीमाचार्यांनी मान वर केली.

"जिलबी?" मग ते म्हणाले. "जिलबी मी करत नाही, अक्का. जिलबीचा माणूस वेगळा असतो."

तिला वाटलं ते रागावतील, निघून जा म्हणतील. ते एवढंच म्हणाले. पुढे म्हणाले, "मला वाटलं त्या लॅबच्या पोरानं सांगितलं. तो मला बघून रस्ता ओलांडायचा. गल्ली बोलली त्याचं नाही, पण त्या पोराचं लागलं. चांगलं पोर होतं."

"त्याने कुणाला काही सांगितलं नाही. लोकांनी विचारू नये म्हणून तो टाळत होता."

"असं," भीमाचार्य म्हणाले, आणि त्यांनी डोळे पुसले.

वीणाने गोळ्या पुढे केल्या. तेवढ्यात वखारीचा मालक शिवाप्पा तिथे आला. जाडजूड, भला माणूस. डॉक्टरीण बाई, पट्टी, गोळ्या पाहून थबकला.

"काय झालंय आचार्यांना?" त्याने कन्नडमध्ये विचारलं.

भीमाचार्यांची नजर वीणावर खिळली.

"ते मला सांगता येणार नाही," ती म्हणाली.

बोलल्याबरोबर तिच्या लक्षात आलं, आपण चुकलो. शिवाप्पाचा चेहरा बदलला. सांगता येणार नाही असं काय असतं? त्याने नकळत पाऊल मागे घेतलं.

"ढलपी घुसली हो," भीमाचार्य हसून म्हणाले. "या अक्का आमच्या ओळखीच्या. इकडून जात होत्या, म्हणून बघून गेल्या. त्यांना कन्नड बरोबर येत नाही, काहीतरीच बोलतात."

शिवाप्पा हसला. "सरी, सरी," म्हणून निघून गेला.

वीणा खाली पाहत राहिली. जे तिने राखायला हवं होतं ते आज तिच्यापासून त्यांनाच राखावं लागलं होतं.

७

भीमाचार्य घरी परतले. गोळ्या पूर्ण केल्या. शंतनु मात्र कामावर परत आला नाही. वीणा त्याच्या खोलीवर जाऊन माफी मागून आली. त्याने ती ऐकून घेतली, चहा दिला, आणि दुसरीकडे नोकरी बघितली आहे म्हणाला. कावेरी आणि शेषगिरीला तिने काढलं नाही. काढायचं तर सुरुवात कुठून करायची, हे तिला ठाऊक होतं. तिघांनी एकत्र बसून ते सगळं एकदा मोठ्याने बोलून घेतलं, आणि नंतर कित्येक दिवस चहाच्या वेळी कुणाला काय बोलावं ते सुचत नसे.

औषध संपलं त्या दिवशी वीणाने आचार्यांचा हात पुन्हा तपासला.

"तुम्ही पूर्ण बरे झालात," ती म्हणाली. "तुमची परवानगी असेल तर मी स्वतः त्या मुलीच्या वडिलांकडे जाते. गल्लीत जाते. ज्यांनी लग्नाची कामं काढून घेतली त्या प्रत्येकाला सांगते की आचार्य बरे झालेत."

भीमाचार्यांनी सदऱ्याची बाही खाली घेतली.

"नको, अक्का. बरे झालेत म्हणाल, तर कशातून म्हणून विचारतील. निम्म्या लोकांना अजून नक्की माहीत नाही, निम्मे विसरायला लागलेत. तुम्ही सांगितलंत की सगळ्यांना पुन्हा आठवेल." ते उठले. "आता चांगलंही सांगू नका."

संक्रांतीनंतर चंद्राबाई एकट्याच आल्या. बिऱ्हाड हलवतोय म्हणाल्या. दुसऱ्या गावी एका मठात स्वयंपाकाचं काम मिळालंय, तिथे यांना कुणी ओळखत नाही. वीणाने वाकून नमस्कार केला. त्यांनी पाय मागे घेतले नाहीत, आणि आशीर्वादही दिला नाही.

कुठल्या गावी, ते चंद्राबाईंनी सांगितलं नाही. वीणानेही विचारलं नाही.